वाचकांचे प्रश्न : भाड्याचं घर की हप्त्याचं?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. हातात येणारा पगार माझा ८० हजार, पत्नीचा ५५ हजार. वाकडला टू बीएचकेचं भाडं २६ हजार भरतो. त्याच सोसायटीत तसाच रिसेल फ्लॅट ८० लाखांना मिळतोय. शिल्लक १८ लाख आहे. बाबा म्हणतात, भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हप्त्यात निदान घर तरी आपलं होतं. घ्यावं का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आत्ता घेऊ नका. बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण त्यांनी पाण्यात जाणारा पैसा एकाच बाजूचा मोजला.

आधी पैसे पुरतात का ते बघू. कर्ज ३० ते ७५ लाखांचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे ६४ लाख. १६ लाख तुमचे. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, ते पैसे वेगळे काढावे लागतात. तुमच्याकडे स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, ८० हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. नोंदणी फी ३० हजार, एजंटचे एक टक्क्याने ८० हजार, सोसायटीची हस्तांतर फी जास्तीत जास्त २५ हजार, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी. झाले सात लाख. एकूण २३ लाख हवेत, आणि अजून घरात पंखासुद्धा लागलेला नाही. शिवाय बँकेच्या मूल्यांकनात घर ७५ लाखांचंच भरलं, तर कर्ज ७५ लाखांवर मोजलं जाईल, म्हणजे ६० लाखच मिळेल. वरचे चार लाखही तुम्हीच उभे करायचे. ही तूट पर्सनल लोनने भरणारे खूप असतात. तसं करू नका. पहिल्याच महिन्यापासून दोन हप्ते मागे लागतात.

आता भाडं आणि हप्ता. ६४ लाख, ८ टक्के, २० वर्षं : हप्ता सुमारे ५३,५००. पहिल्या महिन्यात त्यातले ४२,७०० व्याजात जातात, मुद्दल फिटते फक्त १०,८०० रुपयांची. पाच वर्षांत ३२ लाख भरून कर्ज कमी होतं आठच लाखांनी. म्हणून २६ हजारांची तुलना हप्त्याशी करायचीच नाही. ती करायची परत न येणाऱ्या पैशांशी : व्याज ४२,७००, मेंटेनन्स आणि मिळकतकर मिळून ५ हजार धरा, आणि घरात अडकलेल्या २३ लाखांवर बुडालेलं व्याज साडेसहा टक्क्यांनी १२,५००. बेरीज ६० हजार. पाण्यात जाणारे पैसे इथेही आहेत, आणि सध्या दुपटीहून जास्त आहेत.

मग लोक घर घेतात ते वेडे आहेत का? नाही. भाडं वाढत जातं, व्याजाचा भाग उतरत जातो. भाडं दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढलं तर बाराव्या वर्षाच्या शेवटी ते ५२ हजार झालेलं असतं, आणि तेव्हा तुमच्या हप्त्यातलं व्याज उरलेलं असतं २५ हजार. त्यामुळे खरा प्रश्न इतकाच, की त्या घरात किती वर्षं राहणार? पाच वर्षांत नोकरीसाठी गाव सोडावं लागलं, तर हाच फ्लॅट १ कोटी ९ लाखांच्या आसपास विकला गेला तरच भाड्याने राहून पैसे साठवणाऱ्याशी तुमची बरोबरी होते. म्हणजे वर्षाला सव्वासहा ते साडेसहा टक्के वाढ, तीही जुनी होत चाललेल्या इमारतीत. दहा-बारा वर्षं हलणार नसाल तर गणित तुमच्या बाजूला झुकतं.

करसवलतीवर भिस्त ठेवू नका. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला २ लाखांपर्यंतच आहे.

शेवटची कसोटी अशी, की एक पगार वर्षभर थांबला तर? ८० हजारांतून हप्ता आणि मेंटेनन्स ५८,५०० गेले, की घर चालवायला २१,५०० उरतात. म्हणून २३ लाखांशिवाय सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च, किमान पाच लाख, बाजूला हवेत. तुम्हाला दहा लाख कमी आहेत. महिना ४० हजार टाकलेत तर दोन वर्षं लागतील. आधीच घर घ्यायचं असेल तर लहान किंवा जुनं घ्या. विकणारा 'थोडे रोख द्या' म्हणाला तर तिथून उठा. करारातली किंमत घटली की कर्जही घटतं, आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं कायद्यात बसत नाही.

आणि एक सहज राहून जाणारी गोष्ट : किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा प्राप्तिकर, खरेदीदाराने कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर कपात याहून बरीच मोठी असते, त्यामुळे हे आधीच विचारा.

प्रश्न : पुनावळ्यात बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा फ्लॅट बघितला. बिल्डर अ‍ॅग्रीमेंटआधी २० टक्के मागतोय. द्यावेत का?

उत्तर : नाही. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यानुसार करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आधी महारेराच्या (हा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाका आणि ताबा द्यायची मूळ तारीख व सुधारित तारीख शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोनदा मुदतवाढ घेतली असेल तर तिसरीही होईल असं समजूनच हिशोब मांडा.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मिळण्याआधी घेतलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे साडेतीन लाख. त्याहून जड जातं ते दुहेरी ओझं. बँक बांधकामाचा एकेक स्लॅब पडेल तसे पैसे सोडते आणि सोडलेल्या रकमेवर लगेच व्याज सुरू होतं. ४० लाख सुटले की ८ टक्क्यांनी महिना २६,७००, आणि राहत्या घराचं भाडं चालूच. वर्षभर उशीर झाला तर सव्वातीन लाख नुसतं व्याज. करारात ताब्याची तारीख स्पष्ट लिहून घ्या. ती टळली तर व्याज, किंवा घर सोडून पैसे व्याजासह परत मागायचा हक्क कायदा देतो. त्याच बिल्डरच्या आधीच्या सोसायटीत जाऊन उन्हाळ्यात टँकरवर महिन्याला किती खर्च होतो तेही विचारा. ब्रोशरमध्ये हे छापत नाहीत.

प्रश्न : तीन वर्षं भाड्यानेच राहायचं ठरवलं. भाडं २२ हजार, डिपॉझिट १ लाख. मालक म्हणतात, अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं.

उत्तर : होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांना त्यातून सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंद नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे मालकांना शांतपणे सांगा. बहुधा तेच पुढाकार घेतील.

खर्चही फार नाही. ३६ महिन्यांचं भाडं ७ लाख ९२ हजार, त्यात डिपॉझिटवर १० टक्क्यांनी तीन वर्षांचे ३० हजार मिळवा. त्याच्या पाव टक्का, म्हणजे २,०५५ रुपये स्टॅम्प ड्यूटी. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. दरवर्षी अकरा महिन्यांनी एजंटला पैसे देण्यापेक्षा एकदाच ३६ महिन्यांचा करार करा. त्यात वार्षिक वाढीचा आकडा, सोडण्याची नोटीस किती दिवसांची आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहून घ्या. रंगकामाचे पैसे कोण देणार तेही; डिपॉझिटवरची निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.