दिवाणजी नेमताना स्वभावाची पारख

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळद आणि बेदाण्याची अडत आहे. गेल्या दिवाळीला आम्ही एक दिवाणजी नेमला. बोलणे गोड, अक्षर मोत्यासारखे. पण शेतकऱ्याने पट्टीतल्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाच्या कागदातल्या, हमाली-तोलाईवर शंका काढली की त्याचा आवाज चढतो. दोन जुनी खाती त्यामुळे दुसऱ्या पेढीवर गेली. आता नवा माणूस पाहतो आहोत. अर्ध्या तासात स्वभाव कसा ओळखावा? संगणकावरची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यावी, असे मुलाचे म्हणणे आहे.
— एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : आपण अक्षरावरून स्वभाव ताडलात, आणि ही चूक फार जुनी आहे. अधिकाऱ्याला हाताखालच्या माणसाचा एक गुण आवडला की तो त्याला बाकीच्या गुणांतही सढळ हाताने गुण देतो, असे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवले होते. आपल्याकडे तर मुलाखतीची पहिली दहा मिनिटे ‘गाव कुठले, पाहुणे कुठले’ यातच जातात आणि ओळख निघाली की निकाल लागल्यासारखाच असतो.

‘तुम्हाला राग येतो का?’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण ‘येतो’ असे कोण म्हणेल? त्याऐवजी दोन वजनांची बेरीज चुकलेली एक पट्टी त्याच्यासमोर ठेवावी आणि आपण स्वतः शेतकरी होऊन, जरा चढ्या आवाजातच, ‘सौद्यात बेदाणा पाहताना झालेल्या उधळणीत माझा किती माल गेला?’ असे भांडावे. तो आधी कागद पाहतो की आधी उत्तर देतो, बेरीज चुकली आहे हे मोकळेपणाने कबूल करतो की हमालावर ढकलतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ. यानंतर मागच्या नोकरीत गिऱ्हाइकाशी खटका उडाला तो प्रसंग तारीखवार सांगायला लावावा. प्रत्येक गोष्टीत दुसऱ्याचीच चूक निघत असेल तर सावध व्हावे.

प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि संयम, चोखपणा, कबुली यांचे गुण त्या त्या वेळीच वहीत मांडावेत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी १९५५ च्या सुमारास इस्रायलच्या सैन्यात हीच शिस्त लावली, तेव्हा मुलाखत घेणारे ‘आम्हाला यंत्र करता काय’ म्हणून चिडले. पण अंदाज सुधारले, आणि गंमत म्हणजे सर्व गुण मांडून झाल्यावर मनाने दिलेला कौलही उपयोगी ठरला. आपला कौल आपण पहिल्या पाच मिनिटांत दिला होता.

चाचणीबद्दल थोडक्यात : माणसांचे सोळा प्रकार पाडणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे प्रकाशकच ती नोकरभरतीसाठी वापरू नये असे सांगतात, तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत. ते पैसे उमेदवाराला आठवडाभराचा पगार म्हणून द्यावेत आणि सौद्याच्या दिवशी, गर्दीत, त्याला पट्ट्या करायला बसवावे.