बर्फ तो बर्फ, मग स्कीवाल्यांचे एवढे नखरे का?

प्रश्न: ऑफिसातले दोघे दर हिवाळ्यात गुलमर्गला जातात. एक स्कीइंगवाला, दुसरा स्नोबोर्डवाला. यंदा तिथं बर्फ पडल्याची बातमी आली तरी ‘स्नो चांगला नाही’ म्हणून दोघांनी तिकिटं पुढं ढकलली. एवढा चोखंदळपणा खरंच लागतो की हे नुसते नखरे?

उत्तर:

थोडे नखरे असतातच. पण तुमच्या मित्रांनी या वेळी केलं ते बरोबर केलं, असं माझं मत.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. आता शेती करतो, त्याआधी सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. गुलमर्गला लष्कराची बर्फातल्या लढाईची शाळा आहे, 1948 पासूनची. तिथं माझी रवानगी झाली तोवर मी बर्फ पाहिला होता तो मासळी बाजारातल्या पेटीत.

पहिल्याच सकाळी आमचे उस्ताद बाहेर आले, बुटानं बर्फ दाबला, मूठभर उचलून आवळला आणि मूठ उघडून बघितलं. मला हसूच आलं, कारण आमचे आप्पा शेतात नेमकं हेच करायचे. पाऊस उघडला की मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून फुटला तर वाफसा आला. तसाच राहिला तर ओल जास्त, औत घरी. काळ्या रानात आज चिखल आणि चार दिवसांनी दगड, मधले एक-दोन दिवस कामाचे. ते चुकले की मसूर, हरभरा कसा उगवायचा? स्कीवाल्यांचा ‘चांगला स्नो’ म्हणजे हा वाफसाच, फक्त लाडवाचा हिशोब उलटा. मुठीत बर्फ वळलाच नाही, पिठासारखा उडून गेला, की उस्ताद खूश.

त्या पिठाला पावडर म्हणतात. ताज्या कोरड्या हिमाचं वजन घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतं. तेवढ्याच जागेतलं पाणी हजार किलोचं. म्हणजे उरलेली सगळी हवाच, आणि पायाला बांधलेल्या स्कीच्या पट्ट्या त्यातून तरंगत जातात. तेच हिम शून्याच्या आसपास ओलसर पडलं तर दुप्पट-तिप्पट जड होतं आणि वळताना पाय धरून ठेवतं. कॅलिफोर्नियातले स्कीवाले असल्या बर्फाला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात, यावरून काय ते समजा. उलट थंडी फार वाढली, उणे वीसच्या खाली गेली, तर पट्ट्या वाळूवरून ओढल्यासारख्या जातात, कारण घसरायला खाली पाण्याचा अगदी बारीक थर लागतो आणि तेवढ्या थंडीत तो नीट तयारच होत नाही. म्हणून पट्ट्यांना लावायचं मेणसुद्धा थंडी बघून निवडतात.

आणि हे दिवसातल्या दिवसात बदलतं, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. मार्चमधली गोष्ट घ्या. रात्री सगळं गोठतं, सकाळी आठला उतार फरशीसारखा. दहा-अकराला वरचा दोन बोटं थर सुटतो, ज्वारीच्या कण्यांसारखा दाणेदार. त्यावरून जाण्यात जी मजा आहे ती मला पावडरीतही आली नाही (माझं हे मत तुमच्या मित्रांना पटणार नाही). दुपारी एकनंतर त्याचाच चिखल. उन्हाकडचा उतार आधी सुटतो, सावलीतला उशिरा. म्हणजे डोंगर एक आणि चांगली वेळ दर उताराची वेगळी.

सगळ्यात वाईट म्हणजे वरून कडक पापुद्रा आणि खाली भुसभुशीत. वारा लागून किंवा ऊन पडून परत गोठलं की हे होतं. दिसायला एकदम छान! पापुद्रा तुमचं वजन तीन पावलं धरतो, चौथ्याला फुटतो, पट्टी आत अडकते आणि अंग पुढं जातं. माझा डावा गुडघा असाच गेला. आजही भाताची रोपं लावताना वाकलं की तो बोलतो.

स्नोबोर्डवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. कडक बर्फावर फळीची कड सुटली की माणूस थेट बुडावर, नाहीतर मनगटावर. सपाट जागा आली की स्कीवाला काठ्या मारत निघून जातो आणि हा बिचारा एक पाय सोडून लंगडी घालत येतो. पण खोल पावडरीत ती रुंद फळी होडीसारखी तरंगते. म्हणून पावडरीसाठी जीव टाकणारे बोर्डवाले मी जास्त पाहिले. शर्यतीवाल्यांचं मात्र याच्या उलट. त्यांना पावडर नको, मोठ्या शर्यतींच्या उतारात पाणी जिरवून तो मुद्दाम कडक करतात. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर जवळजवळ सगळा बर्फ यंत्रानं केलेला होता. ‘चांगला’ बर्फ कुणासाठी, ते आधी विचारायचं. भाताला लागणारा चिखल मसुराला कुठं चालतो?

आता तुमच्या मित्रांचं. गुलमर्गचा बर्फ पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या भरवशावर. ते आले नाहीत तर चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मिरातल्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांतही डोंगर बोडका राहतो. जानेवारी 2024 मध्ये तसंच झालं होतं. 2025 मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर गेल्या. शिवाय गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आणि गंडोला (तिथला रोपवे) वर अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. वर पावडर आणि खाली भुरभुर पाऊस, असंही होतं. टीव्हीवर ‘बर्फवृष्टी’ दिसते ती चार बोटांची असेल तर खाली गवत, दगड, झुडपांची खोडं तशीच. त्यावर पट्टी घालणं म्हणजे ढेकळांत सायकल.

भरपूर पडला तरी लगेच धावू नये. रात्रभर पडून सकाळी ऊन आलं की सगळ्यांना आधी वर जायचं असतं, आणि नवा थर खालच्या जुन्या थराला अजून चिकटलेला नसतो. हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीवाल्यांना आवडतात तेही तेच. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला सरावावरच्या जवानांवर डोंगर आला, कित्येक गेले. आमचे उस्ताद उतारावर पाय ठेवण्याआधी काठी उलटी करून खुपसायचे. हाताला सारखा दाब लागत गेला तर पुढं. मध्येच काठी पोकळीत गेल्यासारखी सुटली की एकच शब्द, ‘वापस’. तिथं कुणी ‘बर्फ तो बर्फ’ म्हणालं नाही.

नखरे म्हणाल तर तीन दिवसांसाठी महागडे गॉगल घेऊन येणारे, आणि साधा दाबलेला उतार बघून नाक मुरडणारे. तेही बघितलेत की!

तुम्हाला त्यांच्याबरोबर जायचं असेल तर एवढं करा, त्यांच्या पावडरीच्या नादी लागू नका. नवशिक्याला खालचा दाबलेला, सौम्य उतारच बरा. पावडरीत पडलं की टेकायला खाली काही नसतं, हात खांद्यापर्यंत आत जातो. पहिल्या आठवड्यात मी तसा पडलो, एक पट्टी सुटून आत गेली, आणि अर्धी पलटण अर्धा तास काठ्या खुपसत ती हुडकत होती. सापडली माझ्याच बुडाखाली.