किरणांच्या खोलीत पोरगी कशी पाठवू?

बारावी आणि नीट, दोन्हींचे निकाल लागून आठवडा झाला होता. करिअरचा सल्ला घ्यायला मायलेकी माझ्यासमोर बसलेल्या. एमबीबीएसला पुरतील एवढे नीटचे गुण नव्हते, आणि मुलीने मेडिकल इमेजिंगच्या, म्हणजे एक्स-रे, सीटी काढायला शिकवणाऱ्या बी.एस्सी.चं नाव काढलं होतं. "हेच का गं?" विचारलं, तर म्हणाली, "मैत्रीण घेतेय म्हणून."

आईची अडचण वेगळीच होती. लेकीला झेरॉक्स काढायला पाठवून तिने हळूच विचारलं, "मॅडम, उद्या लग्न करायचंय तिचं. किरणांत काम केलं की मूल होत नाही म्हणतात." ही शंका माझ्याकडे दरवर्षी येते, आणि बहुतेकदा अशीच, मुलगी खोलीत नसताना.

मी आकडे मांडले. अणुऊर्जा नियामक मंडळाने या कामातल्या माणसासाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (हे शरीराला लागलेल्या किरणांचं माप) मर्यादा घातली आहे, आणि एखाद्या वर्षी जास्त झालं तरी ३० च्या वर नाही. माती, हवा, आकाश यांतून कुणालाही मिळतोच तो डोस जगाच्या सरासरीने अडीच-तीनच्या आसपास. आईने मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. आकड्यांनी भीती जात नाही, हे इतक्या वर्षांत मला तरी कळायला हवं होतं.

मग ओळखीच्या एका तंत्रज्ञ ताईंना फोन केला आणि परवानगी काढून दोघींना त्यांच्या एक्स-रे विभागात घेऊन गेले. ताईंनी आल्या आल्या सांगून टाकलं, "माझी दोन्ही मुलं या नोकरीत असतानाच झाली. दिवस राहिल्याचं लगेच लेखी कळवलं, काम बदलून मिळालं." छातीवरचा, किरण मोजणारा टीएलडी बॅज काढून आईच्या हातात दिला. आत तीन छोट्या चकत्या असतात. त्या तापवल्या की जेवढे किरण लागले असतील तेवढा उजेड देतात. दर तीन महिन्यांनी बॅज मोजणीला जातो. शिशाचा एप्रन खुंटीवर सरळ टांगलेला होता, कारण घडी घातली की आतल्या शिशाला चिरा पडतात. आईने तो उचलून पाहिला. "अगंबाई, केवढा जड!"

"भीती धरायची तर याची धरा," ताई म्हणाल्या. "कंबर धरते. शिवाय पेशंट उचलायचे, रात्रपाळ्या करायच्या."

संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन. "म्हणजे रेडिओलॉजिस्टच होणार ना?" नाही. ते एमबीबीएसनंतर एम.डी. करणारे डॉक्टर, रिपोर्ट ते देतात, प्रतिमा काढतो तो तंत्रज्ञ. एक्स-रे, सीटी, एमआरआय, कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी होते) ही त्याची कामं. एमआरआयमध्ये तर हे किरण नसतातच, तिथे चुंबक असतं. कॅन्सरवर किरणोपचार देणारा तंत्रज्ञ आणि न्यूक्लियर मेडिसिनचा (किरणोत्सारी औषध देऊन तपासणी करणारा) तंत्रज्ञ यांचं शिक्षण वेगळं. परदेशात सोनोग्राफर असतात हे ऐकून कुणी येतं, पण आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी डॉक्टरच करतात. आणि मेडिकल फिजिसिस्टची, म्हणजे किरणोपचारांच्या डोसचं गणित करणाऱ्याची, वाट फिजिक्सच्या पदवीवरून जाते, या पदवीवरून नाही. हे आधी न सांगितल्यामुळे फसलेली मुलं मी पाहिली आहेत.

कॉलेजबद्दल मी एकच हट्ट धरते: प्रवेशाआधी त्यांच्या रुग्णालयात जाऊन उभं राहा. सीटी, एमआरआय स्वतःचं आहे का? विद्यार्थी पेशंटला हात लावतात, की मागे उभे राहून वह्या भरतात? पॉवरपॉइंटवर एमआरआय शिकवणारी कॉलेजं आहेत, फी मात्र पूर्ण घेतात.

त्या दिवशी ताईंकडे एका आजींचा छातीचा एक्स-रे होता. गार प्लेट लागताच आजी दचकल्या. "थंड लागेल हं आजी, जरा सोसा," म्हणत ताईंनी त्यांचे खांदे अलगद पुढे घेतले आणि काचेमागे येऊन सूचना दिल्या. पोरगी काचेला नाक लावून बघत होती.

परतताना रिक्षात आई एप्रनच्या वजनाबद्दलच बोलत होती. लेकीचं लक्ष नव्हतं. खिडकीबाहेर बघत ती पुटपुटत होती, "श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा."