आधी नाव, मग शाल

प्रिय मैत्रिणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू चित्रं काढलेल्या पुस्तकाला बालवाङ्मयाचा पुरस्कार मिळाला. बातमीत लेखकाचं नाव आलं, प्रकाशकाचं आलं, परीक्षकांचीही आली. तुझं कुठेच नाही. समारंभाचं निमंत्रण आलं ते ‘अगत्य उपस्थित राहावे’ एवढ्यापुरतं. प्रकाशक म्हणतात, आत्ता वाद नको, पुढचं पुस्तक तुझ्याकडेच आहे. आई म्हणते, पुस्तकाचं कौतुक झालं ना, मग झालं. आणि तुझं स्वतःचं म्हणणं असं, की आपणच आपलं नाव मागणं बरं दिसत नाही. आणि मला विचारतेस: तेव्हा ताई, बोलू की गप्प बसू?

बोलायचं. नाव मागायचं. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही आणि ते शोधायची इच्छाही नाही.

चित्रं कशी झाली आहेत ते तुला सांगत बसत नाही, तुला ते ठाऊक आहे. मी फक्त शेवटच्या जोडपानाबद्दल बोलते. तिथे मजकूर एवढाच आहे: ‘आजीने दार उघडले.’ चित्रात अंगण, रांजण, त्यावर उपडा तांब्या. उंबऱ्याशी टाच झिजलेली एक मोठी चप्पल आणि तिच्या शेजारी अंगठा तुटून दोऱ्याने शिवलेली बाईमाणसाची चप्पल. भिंतीला टेकवलेलं वळकटीचं बोचकं, त्यातून फडक्यात गुंडाळलेल्या कोयत्याची मूठ बाहेर आलेली. पहिल्या पानापासून त्या उंबऱ्यावर फक्त आजीच्या आणि पोराच्या चपला होत्या. ऊसतोडीला गेलेले आईबाप परत आले, हे मजकुरात कुठेही लिहिलेलं नाही. पोरं ते चपला बघून ओळखतात. मी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात ते पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा पहिलीतली एक मुलगी माझ्या आधी ओरडली, ‘आई आली!’

हस्तलिखितात तिथे ‘आईबाबा आले होते’ असं वाक्य होतं. तू लेखकांशी बोललीस, चित्राचं रफ, म्हणजे कच्चं रेखाटन दाखवलंस, आणि त्यांनी ते वाक्य काढलं. त्यांनी ते काढलं यात त्यांचा मोठेपणा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण परीक्षकांनी मानपत्रात कशाची तारीफ केली आहे बघ: न सांगता सगळं सांगणारा शेवट. तो शेवट तुझ्या हातचा आहे. ते मानपत्र तुझ्या नावाशिवाय वाचलं जाणं म्हणजे पत्रिकेत नवरीचं नाव न छापता लग्न लावणं.

म्हणून आधी नाव. मानधन किती, शाल मिळते का, व्यासपीठावर खुर्ची आहे का, हे सगळं नंतर.

तू लिहिलंयस की ‘पुरस्कार वाङ्मयाचा आहे, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या त्यांचंही बरोबर असेल.’ इथे मला तुझा राग आला. लहान मुलांच्या चित्रपुस्तकात चित्रं हेच अर्धं वाङ्मय असतं, हे तुला मी सांगायचं? ही गोष्ट जगाने कधीच मान्य केली आहे. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने 1922 पासून बालसाहित्यासाठी न्यूबेरी पदक द्यायला सुरुवात केली. ते लेखनाचं पदक. चित्रांनी उभी राहिलेली पुस्तकं त्यात बसेनात, म्हणून 1938 पासून कॅल्डेकॉट पदक सुरू केलं आणि ते चित्रकाराच्या हातात दिलं. बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार 1956 मध्ये सुरू झाला तो लेखकांसाठी, 1966 पासून तो चित्रकारांनाही मिळू लागला. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला 1967 पासून दर दोन वर्षांनी बालपुस्तकांच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन आणि स्पर्धा भरते. म्हणजे तिकडेही चित्रकार आपोआप आत आलेला नाही, वाट पाहायला लागलीच. कुणीतरी मागत राहिलं असणार.

आता आपल्याकडे बघ. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाला चांगली जागा आहे. कवितेला बालकवींच्या नावाचा पुरस्कार, कादंबरीला साने गुरुजींच्या, कथेला राजा मंगळवेढेकरांच्या, नाटक-एकांकिकेला भा. रा. भागवतांच्या, ज्ञान-छंद-शास्त्रांना यदुनाथ थत्त्यांच्या, संकीर्णला ना. धो. ताम्हनकरांच्या. ही सगळी माणसं मुलांसाठी जन्मभर राबलेली, त्यांच्या नावापुढे मान लवतेच. पण चित्रपुस्तकाला यात स्वतःचं दार नाही. चोवीस पानं आणि जेमतेम दीडशे शब्द घेऊन आलेलं पुस्तक शंभर पानी कथासंग्रहांच्या रांगेत उभं राहतं, आणि त्याचं मोजमाप त्या दीडशे शब्दांवर होतं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे, पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. तोही साहित्यिकाचा. 2014 मध्ये तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला तेव्हा आम्हा चित्रवाल्यांना मनापासून आनंद झाला, कारण त्या लिहितात आणि चित्रंही काढतात. त्यांच्या पुस्तकात नावाचा प्रश्न येत नाही. लिहिणारा एक आणि काढणारा दुसरा असतो तिथे तो येतो, आणि आपली बहुतेक पुस्तकं तशीच असतात.

हे आपल्याकडे जमणारच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाने ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिल्यापासून दोन पुरस्कार ठेवले, एक भारतीय भाषेतल्या लेखकाला आणि एक चित्रकाराला. पहिल्या वर्षी, 2016 मध्ये, मराठीची पाळी होती. लेखनासाठी माधुरी पुरंदरे, चित्रांसाठी अतनु रॉय. दोन स्वतंत्र नावं, दोघांचा सारखा मान. आभाळ कोसळलं नाही.

तर स्वतंत्र पुरस्कार जेव्हा होतील तेव्हा होवोत. त्यासाठी तू आज लढावंस असं मी म्हणत नाही. तू आज फक्त नाव माग.

प्रकाशक तुला म्हणाले की चित्रांचे पैसे चुकते झाले, आता ती आमची. हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. कॉपीराइटच्या 1957 च्या कायद्यात कलम 17 असं सांगतं की मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र रंगवून घेतलं असेल आणि उलट करार नसेल, तर ते करून घेणारा त्याचा पहिला हक्कदार होऊ शकतो. म्हणून व्हॉट्सॲपवर ‘एकरकमी मानधन, ओके ना?’ असं आलं की अंगठा दाखवून मोकळं व्हायचं नसतं. पण त्याच कायद्यात कलम 57 आहे. हक्क विकले, दिले, गेले, तरी ‘ही कृती माझी आहे’ असं सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. आणि चित्राच्या बाबतीत कर्ता म्हणजे चित्रकार, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. सरकारने पैसे देऊन करून घेतलेलं. 1979 मध्ये ते भिंतीवरून उतरवलं, गोदामात टाकलं, त्याची मोडतोड झाली. सेहगल कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करायला सांगितले आणि पाच लाखांची भरपाई दिली. मालक सरकार होतं, तरी कर्त्याचा हक्क उभा राहिला. तुला कोर्टात जायचं नाही, मलाही कधी जायचं नव्हतं. पण नाव मागताना तू कुणाची मेहेरबानी मागत नाहीस, एवढं मनात पक्कं असू दे. आवाज त्यानेच बदलतो.

आता माझं. तू विचारलं नाहीस, पण सांगते.

माझं एक पुस्तक पुष्कळ वर्षं शाळांमधून फिरलं. पहिल्या आवृत्तीत माझं नाव आतल्या पानावर होतं, अक्षरजुळणी आणि मुद्रकाच्या मध्ये, चष्मा लावून शोधावं लागेल असं. पुढे ते पान नव्याने जुळवलं गेलं आणि तेही गळलं. मुखपृष्ठावर माझंच चित्र, नाव नाही. मी पत्र लिहिलं. ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असं उत्तर आलं. पुढची आवृत्ती आली, मी परत लिहिलं. मूळ चित्रं मागितली तर ती गोदामात आहेत, सवडीने शोधतो, असं. हँडमेड कागदावर पोस्टर कलरची कामं होती ती. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं असं कानावर आलं, त्यानंतर मी विचारायचं थांबवलं. नाव मात्र मागत राहिले. त्या प्रकाशनाकडून मला काम यायचं बंद झालं, त्यांच्या ओळखीच्या आणखी दोघातिघांकडूनही. मला भांडकुदळ म्हणू लागले. एका कार्यक्रमात एका मोठ्या लेखकांनी चारचौघांत विचारलं, ‘बाई, पोरं चित्रं बघतात की तुमचं नाव?’ लोक हसले.

मला वाईट वाटतं ते कामं गेल्याचं नाही. हात सर्वांत सैल चालतो त्या वयातल्या कितीतरी संध्याकाळी मी पत्रं लिहिण्यात घालवल्या, त्या संध्याकाळी चित्रं काढता आली असती. ती चित्रं काढायची राहिली. पण याचा दोष मी मागण्याला देणार नाही. नाव छापायला एका ओळीची जागा लागते. ती एक ओळ द्यायची नाही म्हणून इतकी वर्षं टोलवाटोलवी करणाऱ्यांनी माझ्या संध्याकाळी खाल्ल्या. मी गप्प बसले असते तर आणखी चार पुस्तकं बिननावाची निघाली असती, एवढाच फरक. मी भांडखोर नव्हते. मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा मागत होते, आणि ती माझीच होती.

आणि त्या लेखकांना द्यायचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, ते आता देते. पोरं नाव बघतात. ती मुखपृष्ठावरचं नाव बोट ठेवून अक्षर अक्षर लावतात, वाचायला शिकत असतात ना! आणि ‘हे कोणी काढलं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे कोणी लिहिलं?’ नंतर येतो, बरेचदा येतच नाही. ज्या मुलीला कळतं की त्या चपला एका बाईने बसून काढल्या, तिला दुसऱ्या दिवशी पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते. तिच्यासाठी तरी माग. तुला स्वतःसाठी मागायची लाज वाटते ना, मग तिच्यासाठी माग.

‘बरं दिसत नाही’ हे मात्र माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस. लेखकाचं नाव छापलं नाही तर त्यांनी मागणं बरं दिसतं की नाही? अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव छापतात ते बरंच करतात, तेही कष्ट आहेत. मग तुझंच तेवढं कसं बरं दिसत नाही?

काय करायचं ते सांगते. आधी लेखकांना फोन कर. प्रकाशकांना नंतर. ज्या माणसाने तुझं ऐकून आपलं वाक्य खोडलं, तो माणूस तुझ्या बाजूने उभा राहील असं मला वाटतं. त्यांना शक्य असेल तर पुरस्कार देणाऱ्या संस्थेला जाणारं पत्र दोघांच्या सहीने जाऊ दे. पत्र एका परिच्छेदाचं असावं. पुरस्काराबद्दल आभार, हे चित्रपुस्तक असून लेखन अमुक आणि चित्रं अमुक अशी त्याची निर्मिती आहे, मानपत्रात, स्मरणिकेत आणि व्यासपीठावरून होणाऱ्या घोषणेत दोन्ही नावं यावीत ही विनंती. बस्स. दुःख, मेहनत, रात्री जागले, यातलं काही नको. पुढच्या वर्षीच्या अर्जात ‘चित्रकाराचे नाव’ असा रकाना घालावा, अशी ओळ शेवटी टाक. ईमेल कर आणि स्पीड पोस्टानेही पाठव, पावती जपून ठेव. ते नाही म्हणाले तर समारंभाला जायचं की नाही ते तू ठरव. मी गेले नसते. तू गेलीस तर मी तुला बोल लावणार नाही, कारण पुस्तक तुझंही आहे आणि आपल्या पुस्तकाच्या कौतुकाला जाण्याचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही.

पुढच्या पुस्तकाचं काम सही होईपर्यंत सुरू करू नकोस. रफसुद्धा देऊ नकोस. करार कागदावर हवा. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि त्याबद्दल काय मिळणार, हे त्यात लिहिलेलं हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, त्यामुळे ‘कायमचे’ असा शब्द घुसडलाय का ते नीट बघ. मूळ चित्रं स्कॅन झाल्यावर परत. आणि पहिलं कलम नावाचं: मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाबरोबर, त्याच आकाराच्या अक्षरांत, प्रत्येक आवृत्तीत आणि प्रत्येक अनुवादात, प्रकाशकाच्या सूचीत आणि जाहिरातीतसुद्धा. मानधनात हजार-दोन हजार कमी करतो म्हणाले तर एकवेळ ऐक. नावाच्या कलमात एक अक्षर हलवू देऊ नकोस.

मसुदा आला की मला पाठव, मी त्यावर लाल पेनने लिहून देते. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, ते चित्रकारांकडून पैसे घेत नाहीत, त्यांनाही दाखवू. आणि त्या जोडपानाचं मूळ चित्र अजून प्रेसमध्ये असेल तर उद्याच जाऊन घेऊन ये. फोन करत बसू नकोस, स्वतः जा.

तुझी,
ताई