सुरीनाम चेरी: पानावरून जात ठरवू नका

एकाच झाडाच्या बियांपासून सुरीनाम चेरीची दोन रोपं केली. गच्चीवर कुंडीत आहे त्याची पानं लहान, जाडसर. दोन इमारतींच्या मधल्या पट्टीत लावलेल्याची मोठी, पातळ, फांद्याही लांबट. या दोन जाती आहेत का? (गोरेगाव)

नाही, जात एकच. भर उन्हात पान लहान आणि जाड होतं. सावलीत ते पसरट, पातळ होतं आणि दोन पेरांमधलं अंतर वाढतं. कुंडीत मुळांना जागा कमी, त्यामुळेही वाढ आखूड राहते. तरीही सगळं जागेवर ढकलू नये. बियांपासून आलेली भावंडं हुबेहूब सारखी नसतातच.

नेमकं कारण शोधायचं तर पावसाळ्यात एकाच झाडावर दोन गुट्या बांधा (गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू देऊन केलेलं रोप). मुळं सुटली की एक गच्चीवर, एक सावलीत लावा. गुटीची दोन्ही रोपं मूळ झाडाचीच, त्यामुळे त्यांच्यात दिसेल तो फरक जागेचा. मात्र नवी पालवी पूर्ण वाढल्यावरच तुलना करा; जुनी पानं आकार बदलत नाहीत.

ओळखीसाठी फूल आणि फळ पाहा: चार पांढऱ्या पाकळ्या, मधे पुंकेसरांचा दाट झुपका, छोट्या भोपळ्यासारखं 7-8 कंगोऱ्यांचं फळ. मूळचं हे झुडूप दक्षिण अमेरिकेच्या पूर्व भागातलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये त्याला 'युजेनिया युनिफ्लोरा' म्हटलं. पण त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन इटलीत, पिसाच्या बागेतल्या झाडावरून झालं होतं, आणि ते झाड गोव्याहून तिथे गेलं असं मानतात. आपल्या किनाऱ्याशी त्याचं नातं इतकं जुनं असावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नर्सरीतून 'काळी' म्हणून आणलं, फळं लालच आली. फसवणूक झाली का? (मुलुंड)

आधी थांबून पाहा. फळ हिरव्याचं नारिंगी, मग लाल होतं. काळपट प्रकारात ते लालवर न थांबता गडद जांभळं होतं. नुसत्या स्पर्शाने हातात येईल तेव्हाच ते पिकलं समजा. त्याआधी तोडलं तर राळेसारखी उग्र चव लागते. पूर्ण पिकूनही लालच राहिलं, तर रोप बहुधा बियांचं असेल, आणि बियांपासून रंगाची हमी मिळत नाही. काळं फळ सहसा जास्त गोड असतं. तेच हवं असेल तर खात्रीच्या झाडाचं कलम मागा.

कोवळी पानं तांबूस येतात. रोग आहे? (विलेपार्ले)

नाही. या झुडपाची पालवी तशीच असते, पुढे हिरवी होते. औषध फवारू नका.

बार्बाडोस चेरी हाच प्रकार का? (दादर)

अजिबात नाही, कूळच वेगळं. सुरीनाम चेरी जांभळाच्या कुळातली. बार्बाडोस चेरीची फुलं गुलाबी, पाच झालरदार पाकळ्यांची. फळाला तीन उथळ फुगवटे आणि आत तीन बिया. बाजारात मिळणाऱ्या काश्मिरी चेरीशी दोघींचंही नातं नाही. तिला हिवाळ्याची कडक थंडी लागते.

ही झुडपं जंगलाजवळ लावावीत का? (बोरिवली)

लावू नयेत. पक्षी फळं खाऊन बी दूर टाकतात आणि फ्लोरिडात हेच झुडूप आक्रमक ठरलं आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहत असाल तर ते कुंडीतच ठेवा, फळं पिकताच काढा.