वाचक विचारतात: जिंजरब्रेडचं घर आणि मुलांसाठी निधी

प्रश्न: न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात नाताळच्या सुमारास मुलं जिंजरब्रेडची (सुंठ-मसाल्याच्या कडक बिस्किटाची) घरं सजवतात. ती विकून आलेले पैसे मुलांच्या समुपदेशन केंद्राला जातात. गेल्या वर्षी बरीच घरं टेबलावरच कोसळली. काय चुकलं असेल?

उत्तर: बहुधा खायच्या बिस्किटाची कृती वापरली असावी. तिच्यात सोडा असतो. त्याने पीठ फुगतं, कडा गोल होतात आणि भिंतीला भिंत नीट टेकत नाही. घरासाठी सोडा अजिबात नको. एका छोट्या घराला मैदा ३७५ ग्रॅम, लोणी ११५, ब्राउन शुगर १००, मोलॅसिस (उसाचा काळा दाट पाक) १७० ग्रॅम, सुंठ आणि दालचिनी प्रत्येकी २ चमचे, लवंगपूड व मीठ अर्धा-अर्धा चमचा आणि २-३ मोठे चमचे पाणी पुरतं. अंडं लागत नाही.

बेकिंग पेपरवरच ५ मिलिमीटर जाड लाटा आणि तिथेच कापा. कापलेला तुकडा उचलून ठेवायला गेलं की ताणला जातो. बाजूच्या दोन भिंती १२ × ९ सेंटिमीटर. पुढची-मागची भिंत १० रुंद, कडेला ९ आणि टोकापर्यंत १५ उंच. छपराचे दोन तुकडे १४ × ९.५. ट्रे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग १७५ अंशांवर (३५० फॅरनहाइट) १५ ते १८ मिनिटं भाजा. बाहेर काढल्या काढल्या, गरम असतानाच, कागदी साचा ठेवून सुरीने कडा सरळ करा. गार झाल्यावर हे करायला गेलात तर तुकडा तडकतो. रात्रभर उघड्यावर सपाट राहू द्या.

जोडायला रॉयल आयसिंग, म्हणजे वाळून कडक होणारा साखरेचा लेप: ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, ३ मोठे चमचे मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्या भागाची सुकी पूड), ५-६ मोठे चमचे पाणी, ७ ते १० मिनिटं फेटून. भांड्याला तुपाचा नुसता हात लागलेला असला तरी ते घट्ट होत नाही. मुलं बोटं चाटणारच, म्हणून कच्च्या अंड्याचा पांढरा भाग टाळा. भिंतींना आतून-बाहेरून डबे टेकवा आणि छप्पर किमान ४ तासांनी चढवा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. छपराखालीही वाट्या लावा, नाहीतर ते घसरतं. थोडक्यात, मोठ्यांनी घरं आदल्या दिवशी उभी करून ठेवायची. मुलांच्या वाट्याला फक्त सजावट.

प्रश्न: सगळ्यात सुंदर घराला बक्षीस ठेवावं का? काही मुलं लवकर घाबरतात.

उत्तर: नको. निधी मुलांच्या मनासाठी गोळा करायचा आणि त्यांनाच क्रमांक लावायचे, हे विचित्र आहे. नॉर्वेत बर्गनला १९९१पासून दरवर्षी जिंजरब्रेडचं शहर उभं राहतं. बालवाड्या-शाळांतल्या मुलांची घरं त्यात असतात, वाकडी-तिकडीसुद्धा. तसंच एकच गाव मांडा. गर्दीचा त्रास होणाऱ्या मुलांना आधीची शांत वेळ द्या, आणि अर्ध्यावर उठायचं असेल तर उठू द्या. अगदी लहानांसमोर कडक गोळ्या ठेवू नका, घशात अडकतात. केंद्रात जाणाऱ्या मुलांचे फोटो किंवा हकिकती टेबलावर मांडू नयेत, पालकांची परवानगी असली तरी.

हिशेबाचं एक: अमेरिकेत ४० डॉलरला विकलेल्या घराची बाजारातली किंमत २५ असेल, तर विकत घेणाऱ्याला देणगी म्हणून १५च दाखवता येतात. केंद्राचं नाव फलकावर लावण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या. फलकाच्या कोपऱ्यात ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा क्रमांकही लिहा. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६.

प्रश्न: वसईत मोलॅसिस मिळत नाही. काकवी चालेल?

उत्तर: चालेल. रंग जरा फिका येईल, कडवटपणा कमी. काकवी पातळ असेल तर पाणी घालूच नका. खरी अडचण हवेची. साखर आणि काकवी दमटपणा ओढून घेतात, भिंती दोन दिवसांत मऊ पडतात. म्हणून भाजलेले तुकडे जोडण्याआधी १०० अंशांवर आणखी अर्धा तास सुकवा आणि गार झाले की लगेच हवाबंद डब्यात ठेवा. आयसिंगसाठी घरी दळलेली पिठीसाखर दोनदा चाळून घ्या. एखादी कणी राहिली तरी आयसिंग भरायच्या कोनाचं (मेंदीच्या कोनासारख्या पिशवीचं) तोंड तुंबतं.