पंचनाम्यानंतरची वर्षे

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि संशोधनाचा आराखडा, दोन्ही सावकाश वाचले. नैसर्गिक आपत्ती आणि त्यानंतरची पुनर्वसनाची धोरणे हा विषय तू घेतलास याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र आराखड्यात भूकंपाला सोळा पाने आणि पुनर्वसनाला जेमतेम दोन पाने मिळाली आहेत, म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची निवड तू योग्य केली आहेस, कारण तिथल्या धोरणाला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पुनर्वसनाचा खरा निकाल घर मिळालेल्या माणसाचा मुलगा आपला संसार थाटू लागतो तेव्हा कुठे दिसायला लागतो.

भूकंपाची हकीकत तुला ठाऊक आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली होती, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता ६.२ च्या आसपास होती आणि माणसे गेली सुमारे दहा हजार. हा प्रदेश तेव्हाच्या नकाशावर देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या सुधारित मानकात त्याची धोक्याची श्रेणी वाढवण्यात आली. एवढ्या तीव्रतेला इतका संहार का झाला, याचे उत्तर शोधताना जमिनीखालच्या भेगेइतकेच लक्ष जमिनीवरच्या भिंतीकडे दे. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, आतून एक आणि बाहेरून एक असा दगडांचा थर, मध्ये मातीचा आणि चिपांचा भरणा, आणि दोन्ही थरांना एकमेकांत गुंतवणारा लांब दगड जवळजवळ कुठेच नाही. वर लाकडी खण आणि त्यावर मातीचे माळवद, जे गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचा थर चढवून जड होत गेलेले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ज्याने माणसांना गारवा दिला, त्याखालीच ती गाडली गेली. पण अनेक घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडाचा सांगाडा उभा राहिला होता, हेही टिपून ठेव. त्या सांगाड्याने शिकवलेले फारसे कोणी ऐकले नाही. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला, स्लॅबचेच घर हवे अशी मागणी झाली आणि धोरणानेही तोच कल धरला.

आता धोरणाकडे ये. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने जो कार्यक्रम राबवला, त्यात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, त्याखालोखाल हानी झालेल्या गावांत आहे त्याच जागी घरे पुन्हा बांधायची आणि उरलेल्या गावांत दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे असे तीन भाग होते. नव्या गावांतल्या घरांचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. या तीन आकड्यांवर तुझे एक संपूर्ण प्रकरण उभे राहू शकते. ज्याचा वाडा पडला त्याला पूर्वीच्या मानाने घर मिळावे हा विचार त्यामागे होता आणि त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. तरीही ज्याच्याकडे मुळात काहीच नव्हते त्याला सर्वांत कमी देणारी ही वाटणी सातबाऱ्यावरची विषमता विटा-सिमेंटमध्ये कायम करणारी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय एकाच मापाची घरे एका ओळीत आल्याने कित्येक ठिकाणी जुनी गल्ली आणि भावकी विखुरली.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगून ठेवतो, म्हणजे ती तू करणार नाहीस. नव्या गावातल्या माझ्या पहिल्या पाहणीच्या अर्जात घराचे क्षेत्र, खोल्या, वीज, नळ, संडास असे सगळे रकाने होते. एका वृद्ध बाईंनी ते सगळे शांतपणे भरू दिले आणि मग विचारले, “गुरं कुठं बांधू, ते न्हाई का लिवायचं?” जुन्या घरी ढेलज ओलांडली की गोठा होता, कडब्याला जागा होती, धान्याला बळद होते. इथे त्यांनी घरापुढे पत्र्याचा आडोसा उभारून तिथे चूल मांडली होती, आतल्या स्वयंपाकघरात ज्वारीची पोती रचली होती आणि संडासात सरपण भरले होते. अहवालात त्या घराची नोंद “वापरात आहे” अशीच झाली असती. त्या दिवसापासून मी अर्जाआधी घराचा नकाशा काढतो, हाताने, घरातल्या बाईकडून विचारून. तूही तसेच कर.

मजबुतीकरणाच्या गावांकडे अभ्यासक कमी जातात, कारण तिथे दाखवण्यासारखे नवे गाव नाही. तू तिथे अवश्य जा. तिथे पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती गेला, आणि लोकांना योजना समजावून देण्याचे व बांधकामावर लक्ष ठेवण्याचे काम गावातल्याच महिला मंडळांनी ‘संवाद सहायक’ म्हणून केले. अनेकांनी जुनी भिंत बळकट करण्याऐवजी त्या पैशातून एक नवी खोली बांधली. याला अपयश म्हणायचे की लोकांनी केलेली धोरणाची दुरुस्ती, हे तू स्वतः पाहून ठरव. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने घरमालकालाच बांधू देण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला, तेव्हा लातूरकडच्या स्त्रिया अनुभव सांगायला कच्छपर्यंत गेल्या होत्या. हा दुवा तुझ्या आराखड्यात कुठेच आलेला नाही.

कागदपत्रांत शासन निर्णय क्रमाने लाव आणि दुरुस्तीपत्रके विशेष लक्ष देऊन वाच, कारण धोरण कुठे अडले ते तिथे कळते. त्यांच्या जोडीला पंचनामे आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, ठेव. पंचनाम्यात ‘कुटुंब’ कोणाला म्हटले आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. एका छताखाली राहणाऱ्या तीन भावांची नोंद एक झाली की तीन, यावर त्यांच्या पुढच्या पिढीची जागा ठरली आहे. माणसांशी बोलताना मात्र पहिल्याच भेटीत त्या पहाटेविषयी विचारू नकोस. घराविषयी विचार. सांगायचे असेल तर ते आपणहून सांगतील, आणि नसेल तर तुझ्या प्रबंधावाचून त्यांचे काही अडलेले नाही.

पावसाळा संपला की जा. जुन्या घराला पुढे कोणी खोली जोडली असेल तर तिची भिंत जवळून पाहा: दगड कुठून आणला, मातीत रचला की सिमेंटात, खिडकीवरून सलग पट्टा फिरवला आहे का, कोपरे बांधले आहेत का. पाच-पन्नास भिंतींची अशी टिपणे झाली की मला पाठव; मग प्रकरणांची मांडणी आपण दोघे बसून नव्याने करू.

तुझा,
सर